तेरा टोकांचा सिनेटर

शनिवार, ४ ऑक्टोबर

आज दोन कॅमेरे आणले. जोलीनला सांगितलं, एकच आणला. दुसरा गाडीच्या डिकीत जुन्या रेनकोटखाली आहे. लोक बायकोपासून दारू लपवतात, बाई लपवतात. मी झाडाला बांधायचा डबा लपवतो. माझ्या एकंदर आयुष्याचा अंदाज एवढ्यावरून यावा.

कॅमेरे कशासाठी, ते इथे लिहून ठेवतो, म्हणजे पुढे हसायला सोपं जाईल.

माझ्या सासऱ्यांचं, नॉर्बर्ट ग्लोडोव्स्कींचं, गावाच्या उत्तरेला चाळीस एकर रान आहे. नोव्हेंबरात हरणांचा हंगाम उघडला की सगळं घराणं तिथल्या खोपट्यात मुक्कामाला जातं. प्रत्येकाचं मचाण ठरलेलं. टेकडीच्या कडेला ओकच्या झाडावर आहे ते नॉर्ब यांचं. त्याला छप्पर आहे आणि आत लाल रेक्झिनची स्वयंपाकघरातली खुर्ची खिळे मारून बसवलेली आहे. त्या मचाणाला सगळे ‘खुर्ची’ म्हणतात. त्यांचा मुलगा डेल याचं मचाण ओकच्या सपाटीवर. तिथून हरणं रांगेने जातात, डेलने फक्त निवड करायची. आणि मी जावई. मला दलदलीच्या काठचं मचाण. तेवीस हंगामांत मी तिथून एक बगळा, एक बीव्हर आणि कुणाच्या तरी वाढदिवसाचा उडून आलेला फुगा पाहिला आहे.

सप्टेंबरात घरच्या जेवणाला नॉर्ब यांनी जाहीर केलं, “या वर्षी खुर्ची मी सोडतो. ज्याच्या कॅमेऱ्यात मोठा नर सापडेल आणि जो त्याचं माप धड सांगेल, त्याने खुर्चीत बसायचं. मी त्याच्या जागेवर बसेन.” कारण विचारलं तर म्हणाले, गुडघा. मग बियरचं खोकं उचलून ओट्याच्या पायऱ्या दोन-दोन चढत घरात गेले. एक्क्याऐंशीव्या वर्षी असा गुडघा मला मिळाला तर मी देवाचे आभार मानीन.

उमेदवार दोन. डेल आणि मी.

रविवार, ५ ऑक्टोबर

कॅमेरे बांधले. हरणाला माणसाचा वास लागू नये म्हणून कपडे रात्रभर मातीच्या वासाच्या साबणात भिजवले होते, रबरी बूट घातले, अंगावर फवारा मारला. बांधून झाल्यावर त्याच झाडाखाली बसून कांदा घातलेलं सँडविच खाल्लं. हे घरी आल्यावर लक्षात आलं.

शनिवार, ११ ऑक्टोबर

नऊशेच्या वर फोटो. बहुतेक सगळे एकाच गवताच्या पात्याचे. वाऱ्याने ते हललं की कॅमेऱ्याला वाटतं, कुणीतरी आलं. बाकी रकून, रकूनचं कुटुंब, आणि पहिलाच फोटो कॅमेरा बांधताना वाकलेल्या माझा, मागून. मी इतरांची मापं काढायला निघालो होतो. माझं मागचं माप मला प्रथमच कळलं.

डेलने विचारलं, काही सापडलं का. म्हटलं, एक मोठं जनावर आहे, अजून नीट मोजलं नाही.

पातं उपटलं.

रविवार, १९ ऑक्टोबर

सापडला.

संध्याकाळचा फोटो. वाटेने डावीकडून उजवीकडे चालला आहे, उजवी बाजू कॅमेऱ्याकडे. उजव्या शिंगाला सहा टोकं. इथे नियम असा की ज्या टोकावर लग्नाची अंगठी अडकेल ते टोक धरायचं, बाकी नुसता फुगवटा. मी पडद्यावर माझी अंगठी धरून बघितली. पाच टोकांवर सहज अडकली. सहाव्यावर अडकली असती, असं माझं मत आहे.

माणसाने संशयाचा फायदा स्वतःला द्यायचा नाही तर कुणाला?

मंगळवार, २१ ऑक्टोबर

पहाटेचा फोटो! आता परत निघाला आहे, उजवीकडून डावीकडे, म्हणून डावी बाजू दिसते. डाव्या शिंगाला सात टोकं. सहा आणि सात तेरा. या रानात तेरा टोकांचा नर कुणी पाहिलेला नाही.

एक गोष्ट मात्र खरी. संध्याकाळी जाताना तो अगदीच सडपातळ दिसतो आणि पहाटे परतताना मान जाड, पोट सुटलेलं. रात्रभर कुणाच्या तरी मक्यात बसून खाल्लं असणार. स्वतःच्या अनुभवावरून सांगतो, एका जेवणात एवढा फरक पडू शकतो.

इकडे मोठ्या नराला नाव देतात. डेलच्या नराचं नाव ‘हातोडा’. मी माझ्याचं ‘सिनेटर’ ठेवलं. अंधारात हिंडतो, दुसऱ्याच्या शेतातलं खातो आणि कॅमेऱ्याला एका वेळी एकच बाजू दाखवतो.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

शुक्रवारचा तळलेला मासा खायला सगळे गेलो. जोलीन हल्ली तिच्या पप्पांना गाडीतून नेते-आणते. ट्रकचा गिअर अडकतो म्हणे. एवढा अडकतो तर दुरुस्त करून घ्यावा. पण पेपर मिलमध्ये चाळीस वर्षं यंत्रं सांभाळलेल्या माणसाला ते मी कोण सांगणार?

नॉर्ब यांनी वाढणाऱ्या मुलीला सगळा मेनू वाचून दाखवायला लावला. तीस वर्षं तोच मेनू आहे. या वयात पोरीशी बोलायची हौस. मग ब्रँडीचा ग्लास उचलायच्या आधी त्यांनी बोटाने काठ चाचपला. ग्लास भरून देतात की नाही, यावरही त्यांचा विश्वास नाही.

मी माझ्या दुकानातल्या चांगल्या प्रिंटरवर सिनेटरचे दोन्ही फोटो मोठे छापून नेले होते. नॉर्ब यांनी ते हातात घेतले, मान कलती केली आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. दारात आलेल्या विमा एजंटकडे बघतात तसं. मग दोन्ही कागद माझ्याकडे सरकवले.

“तू सांग,” ते म्हणाले.

मला कळलं, ही परीक्षा आहे. मी सांगितलं. चाल कशी, मानेचा रंग कसा, मुळाशी शिंग मनगटाएवढं जाड आणि वर पसरत जातं, मेणबत्त्यांच्या झाडासारखं. कानांच्या टोकांच्या बाहेर किती जातं. हे शेवटचं मी बाजूने काढलेल्या फोटोवरून सांगत होतो. त्यातून ते कळूच शकत नाही. पण मी रंगात आलो होतो.

नॉर्ब डोळे मिटून ऐकत होते. मासा गार झाला तरी हलले नाहीत. या घरात इतका वेळ कुणी माझं ऐकून घेतल्याचं मला आठवत नाही.

घरी येताना जोलीन म्हणाली, “लोकांच्या डोळ्यांत बघायचे पैसे घेतोस. पप्पांच्या डोळ्यांत एकदा फुकट बघ की.”

तेवीस वर्षं मी या गावात डोळे तपासतो, चष्मे देतो. नॉर्ब एकदाही माझ्याकडे आले नाहीत. औषधांच्या दुकानातल्या फिरत्या स्टँडवरचे चष्मे घेतात. ही माझी जुनी ठसठस जोलीनला माहीत आहे. उगाच डिवचते.

शनिवार, १ नोव्हेंबर

आज सिनेटरने माझी फजिती केली. संध्याकाळी तो पूर्वेला गेला. आणि तीन मिनिटांनी पश्चिमेला परतला.

मी बराच विचार केला. तीन मिनिटांत एवढं मोठं जनावर का परत फिरेल? मग उलगडलं, काहीतरी विसरला असेल. मी रोज गॅरेजपर्यंत जाऊन परत येतो. त्या तीन मिनिटांत त्याचं पोट सुटलं, त्याचं काय, असं मन म्हणालं. मनाला म्हटलं, फोटोचा कोन.

रविवार, २ नोव्हेंबर

जाताना तो मागच्या पायाने लंगडतो. येताना लंगडत नाही.

चालून पाय मोकळा होत असेल. माझंही तसंच होतं.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

समोरून काढलेला एक फोटो मिळाला! कॅमेरा मी गुडघ्याच्या उंचीवर, थोडा वर तोंड करून बांधला आहे. सिनेटर अगदी काचेशी आला होता. घोड्याएवढा दिसतो. चौकटीत नाक, एक डोळा आणि शिंगांच्या मुळांपलीकडे काही मावलेलं नाही. ज्याचं शिंग चौकटीत मावत नाही ते किती मोठं असेल!

डेलला पाठवला. त्याचं उत्तर आलं: “वेंडल, ही गाय आहे का?”

मत्सर.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

आज निकाल लागला. नॉर्ब यांच्या स्वयंपाकघरात, भाजलेलं बदक आणि लाल कोबी खाऊन झाल्यावर.

डेलने फोनवर हातोडा दाखवला. दहा टोकं, दोन्ही शिंगं एकाच फोटोत, कानांच्या बाहेर दोन्हीकडे दोन बोटं. प्रामाणिक हरीण. नॉर्ब यांनी फोन हातातच घेतला नाही. म्हणाले, असल्या पडद्यांवर माझा विश्वास नाही, तोंडाने सांग. डेल बांधकामावर भिंतींच्या पाट्या बसवतो. त्याने मापं सांगितली आणि गप्प बसला. मग माझी पाळी. मी पुन्हा सगळं सांगितलं, आणि या वेळी त्यात धुकंही घातलं.

नॉर्ब यांनी टेबलावर हात ठेवला. “वेंडलचा.”

“पप्पा,” डेल म्हणाला, “याच्या एका फोटोत एकच शिंग आहे.”

“तू तुझं हरीण पाढे म्हटल्यासारखं सांगितलंस. याचं मला दिसलं.”

डेल माझ्याकडे वळला. रागावलेला नव्हता, तेच जास्त लागलं. म्हणाला, “म्हणजे तू खुर्चीत आणि पप्पा दलदलीत. तुला चालेल ना?”

मी तोंड उघडायच्या आत नॉर्ब म्हणाले, “मला चालेल. शांत जागा आहे.”

मोठं मन लागतं. चांगल्या नरापुढे हा माणूस स्वतःची गैरसोय बघत नाही, जावयाचं नातं बघत नाही. तेवीस वर्षांनी माझी कुणीतरी कदर केली. घरी येताना मी शीळ घालत होतो. जोलीन गाडी चालवत होती. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा रस्त्याकडे.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सिनेटरचा फोटो दाखवतो. आज पोस्टातली बाई तपासणीच्या खुर्चीत बसली होती. मी विचारलं, हे स्पष्ट की हे? म्हणाली, दोन्हीत हरीणच दिसतंय, अक्षरं कुठे आहेत?

डावीकडच्या सातव्या टोकाबद्दल तिने शंका काढली. म्हणे, त्याला पान आहे.

चष्मा बदलायला हवा तिचा.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

खोपट्यात आलो. नारिंगी जॅकेटं, हरणाच्या मांसाचं गेल्या वर्षीचं सॉसेज, चीज, शेगडीवर सुकणारे मोजे. दुपारी सगळ्यांनी बंदुका नीट लागतात का ते पाहायला कागदी चक्रावर एक-दोन गोळ्या झाडल्या. नॉर्ब यांनी झाडली नाही. म्हणाले, माझी बंदूक मला ओळखते. मग पत्ते निघाले. नॉर्ब यांनी तेही नाकारले. पत्ते तेलकट झालेत, हाताला लागतात म्हणे. शेगडीजवळ बसून राहिले.

खुर्ची सुटल्याचं त्यांना जड जातंय. साहजिक आहे. मी त्यांना बरं वाटावं म्हणून म्हटलं, सिनेटर पडला तर त्याचं डोकं तुमच्या भिंतीवर लावू.

“आधी पडू दे,” नॉर्ब म्हणाले. “आणि उद्या डोंगरउताराकडे गोळी झाडू नकोस. खाली मी आहे.”

शनिवार, २२ नोव्हेंबर

हे दुपारी लिहितोय, खोपट्याच्या पायरीवर बसून. आत डेल आणि नॉर्ब आहेत आणि दार लोटलेलं आहे.

सकाळी अंधारातच खुर्चीत जाऊन बसलो. लाल रेक्झिन. पाठीला टेका. छप्पर. माणूस सत्तेवर आला की त्याला लगेच वाटायला लागतं की आपण इथेच जन्मलो. उजाडलं तसं खाली दलदल दिसायला लागली आणि तिच्या काठावर माझं जुनं मचाण, नारिंगी ठिपक्यासारखे त्यात बसलेले नॉर्ब. इतकी वर्षं मी तिथे कसा दिसत होतो, ते आज प्रथम कळलं. लहान दिसत होतो.

ऊन पडल्यावर वाटेवर हालचाल झाली. सिनेटर. उजवी बाजू माझ्याकडे. सहा नव्हे, पाच टोकं, पण सुरेख. मागच्या पायाने लंगडत होता. मी बंदूक उचलली. आणि वाटेच्या दुसऱ्या टोकाकडून सिनेटर आला.

म्हणजे दुसरा. जाड मानेचा, पोट सुटलेला, न लंगडणारा. डाव्या शिंगाला सहा टोकं. सातवं टोक, म्हणजे ती पान असलेली काटकी, अजून कॅमेऱ्यासमोरच्या झुडपात असेल. मग पहिला वळला. त्याचं डावं शिंग मुळापासून मोडलेलं होतं. दुसरा वळला. त्याचं उजवं शिंग, खरं सांगायचं तर शिंग म्हणावं असं नव्हतंच. दोघांनी मिळून एक हरीण पुरं होत होतं. मी ते गेला महिनाभर पुरं करून सगळ्या गावाला दाखवत होतो.

एकाचे दोन दिसतात अशी तक्रार घेऊन माझ्याकडे लोक येतात. त्यांना मी भिंगं देतो. दोनाचा एक दिसणारा मी पहिलाच.

बंदूक तशीच राहिली. मी पुन्हा पुन्हा मोजत होतो. मोजून होईपर्यंत दोघं उतारावरून खाली निघाले, सरळ नॉर्ब यांच्या दिशेने. आता झाडायचा प्रश्नच नव्हता. दुर्बीण लावली. म्हटलं, नशीब बघा, मी तिथून उठलो त्याच दिवशी दलदलीला हरणं आली, आणि तीही दोन. आता नॉर्ब यांचा बार होणार.

हरणं त्यांच्यासमोर येऊन थांबली. जेवणाच्या टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत असेल तेवढं अंतर. नॉर्ब यांचं तोंड अगदी त्यांच्याकडे होतं. बंदूक मांडीवर आडवी. ते हलले नाहीत. मला वाटलं, किती संयम. मग जाड मानेच्याने गवत ओरबाडलं, आणि नॉर्ब यांनी मान कलती केली, कान पुढे करून. चेहऱ्यावर हसू होतं. मांडीवरचा हात बंदुकीवर नव्हताच.

हरणांनी फुरफुर केलं, पाय आपटला आणि पांढऱ्या शेपट्या उडवत निघून गेली. नॉर्ब यांनी थर्मास काढला. कपाच्या काठावरून आत बोट वाकवलं आणि बोटाला गरम लागेपर्यंत कॉफी ओतली.

ती युक्ती मी शिकवतो. माझ्या दुकानात, मागच्या खोलीत, ज्यांची नजर आता चष्म्याने भागणार नाही त्यांना. कप असा धरा, बोट असं वाकवा.

मी खुर्ची सोडली. पहिल्या सकाळी मचाण सोडायचं नाही, हा इथला सगळ्यात जुना नियम. मी सगळा उतार दणदणत उतरलो.

“कोण, वेंडल का?” नॉर्ब म्हणाले. “एवढा आवाज दुसरं कुणी करत नाही.”

मी शिडीखाली उभा राहिलो. विचारलं, “कधीपासून?”

त्यांनी कप रिकामा करून थर्मासवर बसवला. मग म्हणाले, “गेल्या हिवाळ्यात एक डोळा. उन्हाळ्यात दुसरा. मधलं गेलं. कडेचं उरलंय. तुझ्याकडे बघतो तर तुझी टोपी दिसते, तू दिसत नाहीस.”

“डॉक्टर?”

“जोलीनने दोघांना दाखवलं. ग्रीन बे शहरात. काही होणार नाही म्हणाले.”

म्हणजे ट्रकचा गिअर हे नुसतं निमित्त होतं. मी विचारलं, बंदूक भरलेली आहे का. ते म्हणाले, नजर गेली आहे, अक्कल नाही. बोल्टच नाही तिच्यात, त्याशिवाय गोळी सुटत नाही. तो बोल्ट, मला आज कळलं, माझ्याच घरी आहे. माझ्या स्वयंपाकघरात, लाटण्याच्या खणात, महिनाभर. जोलीनने त्याच अटीवर तोंड बंद ठेवलं होतं. त्या खणातून मी दर रविवारी बाटली उघडायचं काढतो.

“माझ्याकडे का नाही आलात?” हे मी विचारायला नको होतं. पण तेवीस वर्षं साठलं होतं.

“तू घरातला. आलो असतो की घरात कळलं असतं. डेलने किल्ल्या घेतल्या असत्या, बंदूक घेतली असती, मला शेगडीशेजारी बसवलं असतं. मला एक हंगाम हवा होता. नुसतं येऊन बसायला.”

“म्हणून दलदल.”

“डेलच्या जागेवर बसलो असतो तर दहा मिनिटांत हरीण आलं असतं आणि सगळ्यांनी विचारलं असतं, म्हातारा झाडत का नाही? तुझ्या जागेवर कधी काही येत नाही. आज दोन आली. तेवढंही तुझ्या जागेला जमू नये?”

मी शिडीची पायरी धरून उभा होतो. शेवटी विचारलंच, “आणि सिनेटर? तुम्ही माझा फोटो निवडलात तो?”

“फोटो?” नॉर्ब म्हणाले. “ते हरीण होतं की टपाल पेटी, मला काय दिसतंय? पण सांगितलंस छान. त्या रात्री मी बऱ्याच दिवसांनी हरीण बघितलं.”

जेवायला सगळे खोपट्यात जमलो. मी ठरवलं होतं, काही बोलायचं नाही, नॉर्ब सांगतील तेव्हा सांगतील. लक्ष दुसरीकडे जावं म्हणून मी दोन सिनेटरांची गोष्ट सुरू केली. पोट सुटलं ते, लंगडं ते, तीन मिनिटांत परतलेलं ते, पान फुटलेलं टोक. डेल हसून हसून बाकावरून घसरला. मी आणखी फोडणी दिली. आयुष्यात एवढ्या यशस्वीपणे मूर्ख मी पहिल्यांदाच ठरत होतो, आणि ते मला आवडायला लागलं होतं.

डोळे पुसता पुसता डेल थांबला. “पण पप्पा,” तो म्हणाला, “हा फसला, समजू शकतो. तुम्ही कसे फसलात? दोन वेगळ्या माना आहेत. पोरालाही दिसेल.”

मी घाईघाईने बोलायला लागलो. भिंगाचा कोन, प्रिंटरची शाई, कागदाची चमक, संध्याकाळचा दिवा. वीस मिनिटं बोललो असतो. नॉर्ब यांनी मला बरंच बोलू दिलं.

“पुरे, वेंडल,” मग ते म्हणाले. “तुला खोटं बोलणं फक्त हरणांबद्दलच जमतं.” आणि मुलाकडे, म्हणजे मुलाच्या टोपीकडे, तोंड करून म्हणाले, “मला दिसत नाही, डेल.”

मी बाहेर आलो. तेव्हापासून पायरीवर आहे. आतून सुरुवातीला डेलचा आवाज येत होता, मोठा. मग नॉर्ब यांचा. मघाशी नाक शिंकरल्याचा आला. ते दोघांपैकी कोण, ते मी ओळखायचा प्रयत्न केला नाही.

संध्याकाळी

डेलने बाहेर येऊन किल्ल्यांचा जुडगा माझ्या शेजारी ठेवला. ट्रकच्या. वडिलांनी आपण होऊन दिल्या, म्हणाला. मग कितीतरी वेळ झाडांकडे बघत उभा राहिला. “मी रोज भेटतो त्यांना,” म्हणाला. “रोज.” मी म्हटलं, मी तर डोळ्यांचा धंदा करतो. त्यावर तो थोडा हसला. आम्हा दोघांत तेवीस वर्षांत एवढा सलोखा झालेला नव्हता.

खुर्ची कुणाची, हे आत गेल्यावर ठरलं. नॉर्ब यांनी ती डेलला दिली. निकाल चुकीच्या हरणावर लागला होता, तो रद्द. मी साधारण अर्धी सकाळ सत्तेवर होतो. त्याहून कमी काळ टिकलेली सरकारं आहेत. मला दलदल परत मिळाली.

“आणि पप्पा कुठे?” डेलने विचारलं.

नॉर्ब म्हणाले, “मी कुठे जाणार? मला तीच जागा हवी होती.”

रविवार, २३ नोव्हेंबर

दलदलीच्या मचाणावर दोन माणसं मावत नाहीत. मावलो. त्यांची कोपरं माझ्या बरगडीत आणि माझा गुडघा त्यांच्या थर्मासवर. बोल्ट नसलेली त्यांची बंदूक खोपट्यातच राहिली. माझी भरलेली होती, पण तिला हात लावावा असं काही नव्हतं. धुकं, वाळलेलं गवत, पाण्यावर पातळ बर्फ.

हरणाच्या मचाणावर बोलत नाहीत. श्वाससुद्धा मफलरमध्ये सोडतात. या घरात लग्न झाल्यापासून मला सर्वांत जास्त वेळा सांगितलेलं वाक्य म्हणजे ‘गप्प बस’. म्हणून मी गप्प बसलो. बराच वेळ गेला.

“काय दिसतंय?” नॉर्ब यांनी विचारलं. कुजबुजत नव्हे, चांगलं मोठ्याने.

“काही नाही.”

“काही नाही कसं दिसतं ते सांग.”

मी सांगायला लागलो. गवत कुठल्या बाजूला पडलंय, बर्फ कुठे धरलाय आणि कुठे नाही. पलीकडच्या काठाला धुकं वर उठतंय आणि त्यात तीन टॅमरॅकची झाडं उघडी उभी आहेत, सुया गळालेली. मग एक मोठं काळं काहीतरी पाण्यातून सरकत येतंय, मोठी शिंगं असावीत—

“वेंडल.”

“लाकडाचा ओंडका आहे,” मी म्हटलं.

“हां,” नॉर्ब म्हणाले, आणि मागे टेकून त्यांनी डोळे मिटले. “बोल.”